पालथा ग्लास

कोल्हारच्या स्टँडवर नगरची एसटी लागली. अण्णांनी माझी बॅग वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "चारचौघींत मिळून राहा." मी त्यांचं ऐकलं. ग्रुपवर गेट-टुगेदरची तारीख ठरते आहे, म्हणून हॉस्टेलच्या तुम्हा सगळ्यांना हे लिहिते आहे.

माझी रूममेट मंगल किती जणींना आठवते? पाथर्डीकडची. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि घराला कुलूप लागायचं. मग ते हॉस्टेल हेच तिचं घर. पहिल्या दिवशी मी रडत बसले होते, तेव्हा तिने माझी गादी उचलून उन्हात टाकली आणि म्हणाली, "रड तू. तंवर ढेकनं तरी मरतील."

आपल्या विंगचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. घरून आलेला डबा आधी सीनियरच्या खोलीत जायचा. 'हाय', 'न्हाई' तोंडून निघालं, तर त्या दिवशी सगळ्यांची ताटं उचलायची. आणि मेसमध्ये जिचा ग्लास पालथा दिसेल, तिच्याशी महिनाभर कुणी बोलायचं नाही. मी आठवड्यात शिकले. मंगल ताटं उचलत राहिली.

मग सीनियर ताईंनी तिच्यापुढे धुवायच्या जीन्सची बादली ठेवली. मंगलने बादलीकडे पाहिलं. "का वो ताई, तुमचं हात काय मोळ्या बांधाया गेल्यात का?"

दोघीतिघी हसल्या. ते हसणंच नडलं. ताईंनी मला बोलावून घेतलं. "तुझी मैत्रीण ना? मग तिचा ग्लास तूच पालथा घाल. नाहीतर उद्या दोन ग्लास पालथे दिसतील."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मी मंगलचा ग्लास पालथा घातला. मंगल आली, तिने तो सरळ केला, पाणी ओतून प्यायली आणि मेसच्या मावशींना म्हणाली, "वाढा मावशी. मी काय मेले न्हाई अजून." कुणी मान वर केली नाही. मीही नाही.

त्याच महिन्यात परीक्षेच्या फॉर्मची तारीख अलीकडे आली. रेक्टरबाईंनी सीनियरना सांगितलं, सीनियरनी आपल्याला. मंगलने खोलीत मला विचारलं, "फॉर्मची तारीख तीच हाय ना गं?" माझ्या हातात पुस्तक होतं. मी पान उलटलं.

तिचं वर्ष गेलं. वडील फडावरून आले आणि तिला घेऊन गेले. जाताना माझी गादी तिने पुन्हा उन्हात टाकली होती. पुढच्या हंगामात तिचं लग्न झालं. मग तिच्याही हातात कोयता आला.

मी पुण्याला आले. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी, कॅटलॉगिंग, डेटा एंट्री, दिवसभर शांतता. शांतता मला आधीपासून जमत होती. घासलेले ग्लास मी ओट्यावर आडवे ठेवते. नवरा म्हणतो, पाणी निथळत नाही असं. मी त्याला कारण सांगितलेलं नाही.

यंदा पौषात मंगल गेली. कारखान्यावरच, काविळीने. ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याखाली तुम्ही सगळ्यांनी टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी गेट-टुगेदरच्या साड्यांचे रंग ठरवणं सुरू झालं.

मी दहाव्याला गेले. तिच्या आईने मला बसवलं, पाणी दिलं. "तुमीच ना कोल्हारच्या? लई नाव काढायची तुमचं. म्हनायची, सगळ्या हॉस्टेलात ती एकलीच माझ्याशी बोलायची. फॉर्मची तारीख बी तिनं सांगितल्ती, माझ्याच ध्यानात ऱ्हायली न्हाई."

ग्लास माझ्या हातात होता.

कोल्हारला गेले की अण्णा अजूनही विचारतात, मैत्रिणी भेटतात का. मी भेटतात म्हणते आणि लवकरची गाडी पकडते. पुण्यातलं घर भाड्याचं आहे. दहाव्याहून निघताना मंगलच्या आईने माझा हात धरला होता. "येत जावा. हे तुमचंच घर हाय."

मी हो म्हणाले. तेव्हाही खरं सांगितलं नाही.