एक दिवस रिकामी बसली नाही

माझं हृदय मी पहिल्यांदा पाहिलं ते काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. बाजारातल्या जिवंत माशाने तोंड उघडावं-मिटावं तसं ते करत होतं. शेजारी बसलेल्या डॉक्टरबाई मघापर्यंत माझ्याशी छान गप्पा मारत होत्या. माझा नंबर आला, त्यांनी छातीवर थंडगार जेल लावलं, यंत्र फिरवलं आणि त्या गप्पच झाल्या.

या बाई आमच्या गावच्या मुलींच्या कबड्डी संघावर अभ्यास करत होत्या. वर्षानुवर्षं खेळून बायकांच्या हृदयात काय बदल होतात, त्याने खेळ कसा सुधारतो, असा काहीसा विषय. आमच्या सरांनी लगेच होकार दिला, कारण तपासणी फुकट आणि वर नाश्ता. आम्ही शेलार गावाच्या पलीकडच्या पोरी, फुकटचे बटाटेवडे कशाला सोडू?

मी चढाईवाली. माझ्याएवढा लांब दम संघात कुणाचा नव्हता, आणि हे मी दिवसातून दोनदा तरी सगळ्यांना ऐकवत असे. तो दम मला कुठल्या सरांनी शिकवला नाही. लहानपणी आई गल्लीतल्या नळावर हंडा भरून माझ्या कमरेवर द्यायची आणि मी तो घरात पोहोचेपर्यंत "कबड्डी कबड्डी" म्हणत जायची. मध्येच दम तुटला तर मी बाद. मग हंडा घेऊन परत नळापर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा सुरुवात. आई करवादायची, "अगो, पानी भरतंस का खेलतंस?" मला दोन्ही एकच वाटायचं.

तर त्या दिवशी तपासणीत ट्रेडमिलवर मी सगळ्यांत जास्त वेळ पळाले होते, आणि पडद्यासमोर मात्र बाई गप्प. त्यांनी आतून एका मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "खेळताना कधी चक्कर आली? छातीत दुखलं? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का?"

सगळ्या प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच होतं.

नंतर बाबांना बोलावून बाईंनी आम्हाला समजावलं. हृदय म्हणजे स्नायूच, खेळाने त्याची भिंत जाड होते आणि ते चांगलंच असतं. पण एका आजारातही भिंत अशीच जाड होते आणि त्या आजारात खेळता खेळता माणूस जागीच कोसळू शकतो. तुमच्या मुलीची जाडी अशी मधोमध आहे की हे खेळाचं की आजाराचं, सांगता येत नाही. त्यातून बायकांची भिंत खेळाने सहसा इतकी जाड होत नाही, म्हणून काळजी जास्त. घरच्या सगळ्यांना तपासलं, ते नीट निघाले. मला आणखी मोठ्या मशीनमध्ये घातलं, तिनेही पक्कं काही सांगितलं नाही. राहिला एकच उपाय. तीन महिने व्यायाम पूर्ण बंद. भिंत खेळाची असेल तर ती उतरेल. आजाराची असेल तर तशीच राहील, आणि मग कबड्डी कायमची संपली.

परत येताना रिक्षात मी चिडून म्हणाले, "मला काहीसुद्धा झालेलं नाही." आणि लगेच हात छातीवर ठेवून पाहिलं. तो हात पुढे कितीतरी दिवस तिथून हलला नाही.

डॉक्टरांचं म्हणणं मी तंतोतंत पाळलं. मैदानाच्या बाजूला फिरकले नाही. सकाळचं पळणं बंद, दोरीवरच्या उड्या बंद. चुलतबहिणीच्या हळदीला सगळा गाव नाचत होता आणि मी खुर्चीत बसून होते. आमच्यात हळदीला न नाचणारी पोरगी म्हणजे एकतर रुसलेली, नाहीतर आजारी. बायका येऊन येऊन विचारत होत्या. माझे पाय ढोलाबरोबर आपोआप हलायला लागले तेव्हा मी ते खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवले. इतकी मी शहाण्यासारखी वागले.

बाकी घरचं नेहमीसारखं चाललं होतं. कापणी होती, तेव्हा भाताचे भारे वाहिले. पाणी भरत होतेच. आणि आई म्हणाली, "खेल बंद हाय तर बसून काय करशील? गोडाऊनला मानसं पायजेत." मग जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये लागले. हातात यादी दाखवणारी मशीन घ्यायची, रॅकच्या रांगांतून माल शोधायचा, ट्रॉलीत रचायचा, ट्रॉली गाडीपर्यंत ढकलायची. सुपरवायझर ओरडायचा, "जल्दी करो, गाडी लगी है!" आणि माझी ट्रॉली सगळ्यांच्या आधी दाराशी असायची. हरायची सवयच नव्हती ना.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच पलंग, तेच थंड जेल. बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. मी पडद्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि तिथे मला सगळं दिसलं. भिंत जराही उतरली नव्हती.

मोठे डॉक्टर चांगले होते, त्यांनी खुर्ची जवळ ओढून मऊ आवाजात सांगितलं. "तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतरही फरक नाही. खेळ आता विसरावा लागेल. जिवापेक्षा मोठं काही नाही."

मला रडू आलं नाही, राग आला. त्या मशीनचा, त्या मऊ आवाजाचा. माझ्या छातीतल्या त्या माशाचासुद्धा. बाबा मात्र उठून उभे राहिले, हात जोडले. माझे बाबा कुणापुढे हात जोडत नाहीत, गोडाऊनवाल्यांशी जमिनीचा व्यवहार करतानासुद्धा जोडले नव्हते. म्हणाले, "सायेब, काय तरी करा. पोरगी लय मेहनती हाय. तीन महिने खेलली न्हाय, पन एक दिवस घरात रिकामी बसली न्हाय."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "म्हणजे? मग काय करत होती?"

बाबांनी अभिमानाने सगळं सांगितलं. भारे, हंडे, गोडाऊन, किती वजनाची खोकी, कशी दुप्पट काम करते. प्रत्येक गोष्टीबरोबर बाईंचा चेहरा बदलत गेला. मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, व्यायाम बंद सांगितला होता ना?"

"बंदच हाय की," बाबा म्हणाले. "हे तर काम हाय."

मलाही तेव्हा बाबांचंच खरं वाटत होतं. आमच्या घरात व्यायाम कुणी केलाच नाही कधी. व्यायाम म्हणजे ठाण्याला तलावाभोवती पांढरे बूट घालून लोक करतात ते. आमच्याकडे खेळ असतो आणि काम असतं.

"हृदयाला काय कळतंय ते मैदानात आहे की गोडाऊनमध्ये?" बाई म्हणाल्या. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून, "सर, हिची विश्रांती झालेलीच नाही."

त्यांनी बराच विचार केला. शेवटी आणखी तीन महिने दिले, पण बजावून. उचलायचं नाही, ढकलायचं नाही, पळायचं नाही. आणि ही शेवटची संधी.

आईला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी हंड्याला हात लावला तर तिने तो हिसकावून घेतला. त्या दिवसापासून नळ तिचा, गॅसची टाकी तिची, तांदळाचं पोतंही तिचंच. मी दारात खुर्चीवर. ऊन न लागून हात पांढरे पडायला लागले. शेजारच्या काकूने आईला हळूच विचारलं, "पोरीचं काय बरं-वाईट तर न्हाय ना?" त्यावर आईने तिला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. आईचं वय काही हंडे वाहण्याचं नव्हतं. ती कमरेवर हात देऊन सरळ व्हायची आणि मी बघत बसायची. बघत बसण्यासारखी शिक्षा नाही.

त्यातच गावचे सामने आले. मैदान घरापासून लांब नाही, लाऊडस्पीकरवरून प्रत्येक चढाई ऐकू यायची. माझ्या जागी दुसरी पोरगी जात होती. ती बाद झाली की मला वाईट वाटायचं पण गुणी बाईसारखं फक्त वाईटच वाटायचं असं म्हणणार नाही.

मग एक दिवस गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला जिना चढले आणि वर पोहोचेपर्यंत धाप लागली. मी तिथेच पायरीवर बसले. धाप लागली म्हणजे ताकद उतरली, म्हणजे भिंतही उतरत असेल, म्हणजे चांगलं. की हीच आजाराची धाप? डॉक्टरांनी विचारलं होतं त्या चक्करेसारखी? आनंद करावा की भ्यावं, काही कळेना. छाती धडधडत होती आणि मी तिला अक्षरशः विनवत होते, अशक्त हो, बाई, आणखी अशक्त हो. आयुष्यभर उलटं मागत आले होते.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून घेतले. यंत्र छातीवर फिरत होतं, बटणं वाजत होती. बाईंनी मोजलं, पुन्हा मोजलं, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मग बाईंचा हात माझ्या खांद्यावर आला.

"कमी झालंय," त्या म्हणाल्या. "छान कमी झालंय."

बाबांनी घाबरून विचारलं, "कमी झालंय म्हंजे वाईट हाय का?"

मोठे डॉक्टर पहिल्यांदाच हसले. हृदय चांगलं आहे, खेळाचंच होतं, म्हणाले. हळूहळू सुरू करायचं, दर वर्षी तपासायला यायचं. बाबा डोळे पुसत बाहेर गेले आणि मी अंगावरचं जेल पुसता पुसता हुंदके देऊन रडले.

घरी आलो तेव्हा आई नळावर होती. बाबांनी रस्त्यातूनच ओरडून सांगितलं. आईने नळ बंद केला. मग भरलेला हंडा उचलून माझ्या कमरेवर दिला.

"घे. माझी कंबर गेली सहा महिन्यांत."

"तीन गं, तीन," मी म्हणाले.

"तुना तीन वाटलं. मना सहा."

मी निघाले. ओठ आपोआप हलायला लागले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. अर्ध्या वाटेवर दम संपला. पाणी पायावर सांडलं आणि मला हंडा खाली ठेवावा लागला. मागून पावलं वाजली. मला वाटलं आता ती हंडा काढून घेणार.

तिने हंड्याला हात लावला नाही. माझा श्वास खाली बसेपर्यंत शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "दम तुटला. परत नळापासून ये."