मामा आता उचलत नाही

आमच्या मामाइतका ताठ माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि स्वभावात मात्र ताठा औषधालाही नाही. कमरेचे मणके स्क्रू घालून जोडले तेव्हापासूनचा हा ताठपणा. "आता भार वरच्या मणक्यांवर येणार, ते जपा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाकायचं नाही, कमरेतून पिळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रोज चालायचं. मामाने हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. मागून कुणी हाक मारली तर तो बैलगाडी वळवावी तसा अख्खा वळतो; तोवर हाक मारणारा घरी पोचलेला असतो. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या ओढायची आकडी आता पलंगाखालच्या चपला ओढते. देवळातही तो उभ्यानेच हात जोडून म्हणतो, "देवा, मला वाकता येत न्हाई, तुमीच जरा खाली बघा." तंबाखूने हाड जुळत नाही म्हटल्यावर जन्माची तंबाखू सोडली, मामीने नारळ फोडला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कुणी पोत्यावर वाकला की हा लांबूनच ओरडतो, "कंबर काहून मोडून राहिला? गुडघे मोड!"

पण शेळ्यांपाशी आला की मामा गप्प होतो. आमच्याकडे घेणारा शेळीला पोटाखाली हात घालून उचलतो, वजनाचा अंदाज घेतो, मगच भाव बोलतो. त्यात मामाचा हात नावाजलेला. आता त्याचा पोरगा उचलतो आणि मामा बाजूला उभा राहून नुसती बोटं हलवतो. मला ते बघवत नाही. एकदा मी म्हणालो, "मामा, एखादं करडू उचललं तर काय होतंय?"

"मन तर लई करतं रे. पण आज करडू, उद्या बोकड. तुझ्या मामीनं मला लेकरावानी उठवलं-बसवलं. पुन्हा तिला ती तकलीफ न्हाई द्यायची."

लहानपणी सुट्टीत गेलो की मामा आधी मला बगलेत हात घालून उचलायचा, मगच पाणी विचारायचा. "औंदा भरलं लेकरू," म्हणायचा. "उतरलं" म्हणाला तर मामी ताटात तूप ओतायची. त्या हातांवर लोंबकळायची ओढ मला या वयातही आहे.

परवा गेलो तर मामा दारातच उभा. सवयीने त्याचे हात माझ्या बगलेत आले आणि तिथेच थांबले. चेहरा पडला. मामी चौकटीतून बघत होती. तो हात काढून घ्यायच्या आत मी हळूच टाचा उचलल्या आणि चवड्यांवर उभा राहिलो. खाली बघायचं तर मामाला वाकावं लागलं असतं.

"औंदा उतरलं लेकरू," मामा म्हणाला. माझ्या सुटलेल्या पोटाकडे एकदा बघून मामी तूप आणायला आत गेली.