ती बोलली, पण माझ्याशी नाही

बेळगावात शिकून मी जोयड्याच्या रानातल्या एका लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून आले, तेव्हा आसपास शिकलेली नर्स मी एकटीच होते. त्याचा मला गर्व होता, लपवत नाही.

त्या हिवाळ्यात कुंभारवाड्याकडच्या एका बाईला तिच्या भावानं डोलीतून आणलं. रानात सागाचा ओंडका अंगावर येऊन तिचा नवरा जागीच गेला होता. तेव्हापासून तिनं पेजेला तोंड लावलं नव्हतं, कुणाशी शब्द बोलली नव्हती. मी खाटेशी उभी राहून समजावलं, "रडू नको. देवाची इच्छा. धीर धर." तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तीन दिवस हेच.

चौथ्या सकाळी मी आत आले तर आमची झाडलोट करणारी कुणबी बाई केरसुणी बाजूला ठेवून तिच्या उशाशी खाली बसली होती.

"दादला कसा हुता गं तुजा?" तिनं विचारलं आणि गप्प बसली. बराच वेळ गेला. मग खाटेवरून आवाज आला, "हसरा हुता."

पुढं ती बोलत राहिली, हमसून हमसून रडली. दुपारी वाटीभर पेज प्याली.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अंगाचा नुसता जळफळाट झाला. रोग्यांशी बोलणं तुझं काम नव्हे, असं बजावून मी त्या बाईला मागच्या पडवीत पट्ट्या उकळायला बसवलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, मी विचारला. रोगी बाई माझ्याकडं बघत राहिली.

"ती मावशी कुठं हाय?"

पेज तशीच राहिली. त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी. शेवटी मी पडवीत गेले.

"तू तिला सांगतेस तरी काय?"

"सांगत काय न्हाई, बाई. ती बोलती, म्या आयकती."

"जा आत," मी म्हणाले, शिक्षा दिल्यासारखं.

पंधरा दिवसांत रोगी बाई भावाबरोबर चालत घरी गेली. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा तिची हकिकत ऐकून मला म्हणाले, "तुमच्या बोलण्यात गुण आहे." दाराशी ती कुणबी बाई झाडत होती. मी म्हटलं, "कर्तव्यच आहे."

तिनं वर बघितलं आणि हसली. त्या हसण्यात डंख नव्हता. तेच मला कितीतरी दिवस सोसवलं नाही.