प्रतिवादी क्रमांक दोन

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण एक गुन्हा काही केल्या डोक्यातून जात नाही. तपासात मी कमी पडलो नव्हतो. कमी पडलो ते नंतर, आणि तेही फक्त दोन मिनिटांसाठी.

तेव्हा मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. नाहूरच्या एका सोसायटीतल्या काकू रोज सकाळी देवासाठी फुलं काढायला बाहेर पडायच्या. एका सकाळी भरधाव गाडीने त्यांना उडवलं आणि गाडी पसार झाली. काकूंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या बेशुद्ध होत्या, म्हणून फिर्याद त्यांच्या यजमानांनी दिली. हे काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, स्वतः कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पोलीस ठाण्याची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते.

आठवड्याभराने एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, मुलुंडला एका गॅरेजात पांढरी गाडी झाकून ठेवलीय. मालकाला घाई नाही, पण कुणाला दाखवू नको म्हणतो." आम्ही पंचनामा करून गाडी ताब्यात घेतली. बंपरच्या फटीत फुलं काढायच्या आकडीचं मोडलेलं टोक अडकलं होतं. दुसऱ्याच दिवशी गाडीमालक कारखानदाराचा ड्रायव्हर वकिलाला घेऊन हजर झाला. गाडी मीच चालवत होतो म्हणाला. शर्टाला कडक इस्त्री होती. गुन्हा कबूल करायला माणूस इतका नीटनेटका येत नाही, हा माझा अनुभव.

मी विचारलं, "बाई काय करत होत्या?"

"रस्ता क्रॉस करत होत्या, साहेब."

काकू रस्त्यात नव्हत्याच. कुंपणाशी उभ्या राहून जास्वंदीची फांदी खाली ओढत होत्या. मी ते आकडीचं टोक टेबलावर ठेवलं. तो त्याच्याकडे बघत राहिला, मग रडायला लागला. "मला जेवढं पढवलंय तेवढंच बोलतोय. गाडी छोट्या शेठकडे होती." कारखानदाराच्या बिल्डिंगच्या कॅमेऱ्यात त्याचा मुलगाच गाडी बाहेर काढताना दिसला. आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं.

त्याची प्रत बघून काका म्हणाले होते, "साहेब, हयसर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' लिवलाहा. माझां नाव खंय आसा?"

"तुम्ही फिर्यादी, काका. लढणार सरकार. बिनधास्त घरी जा."

एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. खरं तर समजावून सांगायची वेळ तेव्हाच होती.

पुढे कारखानदाराच्या मुलाने, आपल्यावरचा गुन्हा रद्द व्हावा म्हणून, उच्च न्यायालयात अर्ज केला. अशा अर्जात आरोपी होतो अर्जदार. समोरची बाजू म्हणजे शासन आणि मूळ फिर्यादी, ते होतात प्रतिवादी क्रमांक एक आणि दोन. त्यात नवीन काही नाही. फिर्यादीला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळावी, म्हणून त्याला नोटीस जाते आणि ती बऱ्याचदा आमच्याच ठाण्यामार्फत बजावली जाते. आमच्या शिपायाने ती काकांच्या दारात दिली, सही घेतली आणि परत आला.

दोन दिवसांनी काका नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठाण्यात आले. मी बंदोबस्ताच्या बैठकीला निघालो होतो. ते बाकावरून उठले, पिशवी पुढे केली. मी चालता चालताच म्हणालो, "काका, उद्या या ना." ते दीड तास बसले होते, हे ठाणे अंमलदाराने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मलाही आठवण राहिली नाही.

मग थेट आदेशच आला, गुन्हा रद्द. सोबत काका आणि काकू दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र. माझं डोकं फिरलं. इतकी मेहनत करून वाट लागली ना! तसाच त्यांच्या घरी गेलो आणि दारातच विचारलं, "काका, किती घेतलेत?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

काका म्हणाले, "कसले पैसे, साहेब? माझ्यावर केस झाली ना?" त्यांच्या वडिलांवर चाळीच्या खोलीसाठी दावा झाला होता. वडील प्रतिवादी होते आणि खोली गेली. प्रतिवादी म्हणजे काय, हे काकांना तेव्हापासून ठाऊक होतं, आणि नोटिशीत तोच शब्द आता त्यांच्या नावापुढे होता. शिवाय काकांच्या मुलाला सरकारी नोकरी लागत होती, पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. बापावर केस दिसली तर पोराचं काय, या भीतीने त्यांची झोप उडाली. त्यात कारखानदाराचा माणूस घरी आला आणि म्हणाला, सही करा, तुमचं नाव निघून जाईल.

मी खाली बसलो आणि सगळं समजावलं. अर्ज करतो तो अर्जदार, समोरचा तो प्रतिवादी. गुन्ह्यात आरोपी तो मुलगाच होता. तुमच्यावर काहीच नव्हतं, कोर्ट फक्त तुमचं म्हणणं विचारत होतं. हे सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

काकू कुबडी टेकून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतक्याच होतां? मगे त्या दिवशी ह्यांका बाकावर बसवन ठेवलात, तेव्हा सांगूक काय झालां होतां?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यातून समजावून सांगितल्याशिवाय एकही नोटीस बजावली गेली नाही. गुन्हेगाराला बोलतं करण्याचं मला फार कौतुक होतं. फिर्यादीशी बोलायचं असतं हे मी फार उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत काकूंनी मोजली.

त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. काकांनी घाईघाईने मलाच हात जोडले आणि विचारलं, "म्हणजे साहेब, पोराच्या नोकरीक काय होवचा नाय ना?"