बाकावरची डहाळी

विमानात माझ्या पुढे बसणाऱ्या माणसाला आडवं व्हायची फार घाई असते. विमान वर गेलं रे गेलं की त्याची पाठ माझ्या गुडघ्यांवर येते. मागच्या खेपेला मुलाकडे जाताना असंच झालं. मी त्या गृहस्थाच्या खांद्याला बोट लावलं आणि म्हटलं, "भाऊ, खुर्ची जरा जास्तच मागं आली वाटतं." तो ओशाळला आणि सरळ बसला. शेजारची मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही किती शांतपणे सांगितलंत! मी तर भांडलेच असते." मला हसू आलं. मी मुळात शांत बाई नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. पण प्रवासातल्या माणसाशी कसं बोलावं, हे मला एकदा एका मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, शिकवलं गेलं आणि ते मी विसरलेले नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. गडचिरोलीजवळच्या आमच्याच गावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. बाबा ढिवर. तलावात मासे धरायचे आणि जाळी विणायचे. आसपासच्या गावांतली माणसं जाळं म्हटलं की आमच्याच दारात यायची. बाबांचा एक डोळा लहानपणी काट्यानं गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत गेला आणि शेवटी त्यांना सुईत दोरा दिसेना. मी मागं लागून त्यांना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दवाखान्यात नेलं आणि त्या एकुलत्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

आठ दिवसांनी खाट रिकामी करावी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "डोक्याला दणका बसता कामा नये. खोकणं नाही, शिंकणं नाही, वाकणं नाही. मोटारीत पुढेच बसवा. टाका तुटला तर मग माझ्या हातात काही नाही." मी मान हलवली आणि कागदावर सगळं लिहून घेतलं, जणू कागद हातात असला की मोटार दणके देणार नाही.

मोटारीत चढलो तर पुढच्या, म्हणजे ड्रायव्हरमागच्या बाकावर एक मुन्शी पसरला होता. मुन्शी म्हणजे तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा माणूस. उन्हाळ्यात जंगलातली माणसं पानं तोडून पुडकी बांधतात, ती याच्या फडीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, आणून देतात. हंगामाला अजून वेळ होता, पण आत्तापासूनच गावोगाव माणसं पक्की करत हिंडणं चालू होतं त्याचं. बाकावर दोन माणसांची जागा. एकीवर तो, दुसरीवर त्याची वळकटी, आणि पाय समोरच्या ट्रंकेवर. तोंडात बिडी.

मी कारण सांगितलं. त्यानं बाबांच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मागं लय जागा हाये की."

"मागं दणके बसतात. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग बैलगाडीनं न्यायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला नागरिकशास्त्राचा अख्खा धडा ऐकवला, पुणेरी मराठीत, ट्रेनिंगमध्ये शिकले होते तसा. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि धूर सोडला. कंडक्टरनं हात जोडून पाहिले. मुन्शी रोजचं गिऱ्हाईक, त्याच्यापुढे कंडक्टरचं काय चालणार! बाबाच शेवटी म्हणाले, "चाल बाई, मागं बसू. भांडून राह्यली त मलेच खोकला येईन."

आम्ही मागच्या चाकावरच्या बाकावर बसलो. मी बाबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, भरलेली घागर धरावी तसं. प्रत्येक खड्ड्याला मी आधी उचलली जायचे आणि मग हात सावरायचे. पुढून बिडीचा धूर यायचा, बाबा खोकला गिळायचे आणि त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. मला रडू येत होतं ते भीतीनं. हा डोळा गेला तर बाबा उरलेलं आयुष्य ओट्यावर बसून काढणार, आणि ऑपरेशनचा हट्ट माझा होता.

मूल गावाला सात-आठ माणसं चढली. जंगलाकडच्या गावांतली गोंड माणसं, बायका-पुरुष, डोक्यावर गाठोडी. ती आमच्या आजूबाजूला दाटीवाटीनं बसली. त्यांच्यातल्या एकानं न विचारता आपलं घोंगडं घडी करून बाबांच्या पाठीमागे सरकवलं. मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. माझे डोळे बाबांच्या पट्टीवर होते.

वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. मोटार अलीकडे थांबायची. माणसं उतरून नावेनं पलीकडे जायची आणि वाळू तुडवत वर चढली की तिकडे दुसरी मोटार उभी असायची. बाबांना धरून उतरवायचं म्हणजे वेळ लागणार. आमच्या आधी पहिली नाव भरून गेली. मुन्शी त्या नावेत नव्हता, त्याची वळकटी आणि ट्रंक यायची होती. मी मनाशी ठरवलं, की पलीकडे धावत जायचं आणि पुढची जागा धरायची.

दुसऱ्या नावेनं पार झालो. बाबांना वाळूतच एका बाईजवळ उभं केलं आणि मी पदर खोचून पळत सुटले. मोटार गाठली. पुढचा बाक रिकामा! माझा जीव भांड्यात पडला. बाकावर बोटभर धूळ होती आणि मधोमध करंजाची पानांची एक डहाळी पडली होती, तिला गवत गुंडाळलेलं. कोणीतरी कचरा टाकलेला. डॉक्टरांनी धुळीपासूनही जपायला सांगितलं होतं. मी डहाळी उचलून खिडकीबाहेर भिरकावली, पदरानं बाक लख्ख झाडला आणि बाबांना आणायला परत फिरले. जागेवर काही ठेवावं, एवढंही मला सुचलं नाही. बाक साफ केला म्हणजे आपला झाला, अशी माझी मास्तरणीची समजूत.

बाबांना घेऊन आले तर बाकावर मुन्शी. शेजारी वळकटी. ट्रंकेवर पाय.

"ही जागा मी धरली होती," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला.

"काय ठेवून गेली होती? दाखव." त्यानं बाकावर हात फिरवून दाखवला. "साफ तर हाये."

मी साफ केलेला बाक! कंडक्टर दुसरा होता, तो तिकिटं फाडण्यात गुंतला. बाबांचा हात धरून मी मागच्या चाकाकडे वळले.

तेवढ्यात गोंडांपैकी एक माणूस पुढं आला. ती माणसं पहिल्या नावेनं गेली होती आणि मागच्या बाकांवर आधीच बसली होती. त्यानं बाक पाहिला, मुन्शीला पाहिलं, मग खाली उतरला. खिडकीखाली वाकून काहीतरी शोधलं आणि परत वर आला. त्याच्या हातात ती डहाळी होती.

"खूण होती इथी," तो मुन्शीला म्हणाला. "वाऱ्यानं पडली." आणि त्यानं डहाळी हळूच वळकटीवर ठेवली.

मुन्शीनं तोंडातली बिडी काढली. आधी डहाळीकडे पाहिलं, मग मागं वळून पाहिलं. मागची सगळी माणसं त्याच्याकडेच बघत होती. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. मला तेव्हा काही उमजलं नव्हतं, पण मुन्शीला चांगलं ठाऊक होतं. जंगलात मोहाच्या झाडाखाली, मधाच्या पोळ्याखाली, तोडून ठेवलेल्या लाकडावर अशी गवताची गाठ मारलेली डहाळी ठेवली की ती वस्तू कोणाची तरी झाली. राखणदार लागत नाही. आणि जो ती खूण सरकवतो, त्याच्याकडे त्या गावचं माणूस पुन्हा कामाला जात नाही. उन्हाळ्यात फडीवर पानं आणायची ती याच माणसांनी.

"मले काय माहीत," मुन्शी पुटपुटला. "आधी सांगायचं ना." त्यानं बिडी विझवली, वळकटी काखेत मारली आणि ट्रंक ओढत मागच्या चाकावर जाऊन बसला.

त्या माणसानं मला बाकाकडे खुणावलं आणि मी बाबांना खिडकीशी बसवलं. मोटार सुटली. हायसं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी एकटीच हसत होते. रस्ता तोच खड्ड्यांचा, पण पुढच्या बाकावर दणका निम्मा लागत होता, आणि धूर नव्हता. मागं वळून आभार मानावेत असं मनात आलं. पण मान वळवली असती तर त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडला असता, आणि डहाळी कोणी फेकली ते माझ्या तोंडावर दिसलं असतं. वाऱ्याच्या माथी गेलं ते बरंच झालं, असं म्हणून मी गप्प राहिले.

बाबांनी डहाळी मागून घेतली. जाळी विणणारी बोटं ती, गाठीवरून फिरत राहिली.

"डावखुरा हाये बाप्पा हा माणूस," ते म्हणाले. "फेरा उलटा घेतला हाये. पण गाठ पक्की हाये."

आमचं गाव आलं तेव्हा ती माणसं पुढे जायची होती. मी बाबांना उतरवण्यात गुंतले आणि मोटार निघून गेली.

पट्टी गडचिरोलीच्या दवाखान्यात सुटली. कंपाउंडरनं बोटं धरून विचारलं, "किती?" बाबा म्हणाले, "तीन. आन् नखं काप." मी दवाखान्याच्या दारात बसून मोठ्यानं रडले. आईनं त्या दिवशी गावभर गूळ वाटला. पुढं दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून बाबांनी पहिल्यांदा सुई ओवली नाही, की तलावाकडे गेले नाहीत. त्यांनी माझ्या पेटीतून वाळलेली डहाळी काढायला लावली, गाठ डोळ्यानं तपासली आणि म्हणाले, "चाल, बाजारात जाऊ. त्याले पाहू."

"मला त्याचा चेहरा आठवत नाही, बाबा."

"तू डोळेवाली असून नाई पाह्यलं काऊन?" त्यांनी विचारलं.

गडचिरोलीच्या आठवडी बाजारात बाबा माणसांच्या तोंडांकडे बघतच नव्हते. हात बघत हिंडत होते. तिसऱ्या बाजाराला एका माणसापुढं थांबले. तो शिंदीचे झाडू एकत्र बांधत होता, डाव्या हातानं. त्यानं वर पाहिलं. पन्नाशीचा असेल. पांढरे होत आलेले केस, कपाळावर गोंदण, पुढचा एक दात नाही.

"पट्टी सुटली?" त्यानं विचारलं.

"सुटली," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. बाबांनी त्याच्यासाठी पळसाच्या पानांत बांधून आणलेली मरळ पुढं केली. ती दर बाजाराला आणत होते आणि संध्याकाळी आम्हीच खात होतो.

मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, ती डहाळी वाऱ्यानं पडली नव्हती. मी फेकली होती. कचरा समजून."

"मी पाह्यलं होतं," तो म्हणाला. "मोटारीतच बसलो होतो ना. तू बाक झाडून राह्यली होती."

"मग वारा काऊन म्हटलं?" मी माझी सगळी पुणेरी विसरले.

त्यानं झाडूची गाठ आवळली. "मोटार भरली होती, बाई. सगळ्यांसमोर तुले खाली पाहा लागलं असतं."

बाबांना हे तोवर ठाऊक नव्हतं. ते सावकाश माझ्याकडे वळले. त्या जाड भिंगामागे त्यांचा डोळा हा एवढा मोठा दिसत होता, आणि तो मला स्पष्ट पाहत होता.