म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑइल

बर्फ काढायला म्हणून मी फ्रीझर उघडला आणि माझं टाळकंच सरकलं. वाटाण्यांच्या पिशवीशेजारी माझ्या काचेच्या वाट्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीत इंजिन ऑइल! वाट्यांवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर यांच्या गिचमिड अक्षरात आकडे.

"अहो!" मी तिथूनच ओरडले. "हे काय मांडून ठेवलंय?"

हे आले. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे नाही हं, पाहुण्यांना नवं घर दाखवायला यावं तसे. "दार लाव, दार लाव, गारवा जातोय," असं वर मलाच सांगितलं.

आमचे हे मेकॅनिक. घराच्या पुढच्या भागात गॅरेज, बाजूला पार्टांचं छोटं दुकान. दुकानाच्या गल्ल्यावर मी बसते आणि गॅरेजमध्ये गाडीखाली हे आडवे. यांना विचारायची खोड आहे. साधीसुधी नाही, जन्मजात. लहानपणी मामांच्या गॅरेजात हात काळे करायला पाठवलं, तेव्हा मामांनी महिनाभरात हात जोडले म्हणे, की बाबा रे, नट आवळ, पण तो उजवीकडेच का आवळायचा ते मला विचारू नकोस. गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याची मुलाखत घेतात. गाडी रोज किती पळते, सकाळी उठल्या उठल्या पळवता की गरम होऊ देता, घर चढावर आहे का, मागच्या सीटवर कोण बसतं. एकाने चिडून विचारलं, "सासरची माणसं बसतात, त्याचा ऑइलशी काय संबंध?" तर हे म्हणाले, "वजनाने कशी आहेत?" गल्लीत यांना सगळे 'चौकशी खिडकी' म्हणतात. फरक एवढाच, की एरवी खिडकीशी आपण विचारतो, इथे खिडकीच आपल्याला विचारते.

तर फ्रीझर. यांनी एक वाटी काढली आणि माझ्या नाकासमोर तिरकी केली. आतलं ऑइल जागचं हलेना. मग फार मिनतवारीने पोराच्या शेंबडासारखं ओघळायला लागलं.

"हे आपलं नेहमीचं. वीस-पन्नास," हे म्हणाले. मग दुसरी वाटी तिरकी केली. त्यातलं पटकन वाहिलं, थोडं माझ्या फरशीवरही आलं. "आणि हे पाच-चाळीस. बघितलंस? पहिला आकडा गारठ्याचा, दुसरा इंजिन तापल्यावरचा. आकडा लहान तेवढं ऑइल पातळ. पहाटे गाडी चालू केल्यावर ऑइल तळातून वर चढेपर्यंत इंजिन कोरडं घासतं. आता हे जाड ध्यान वर चढणार कधी?"

"आपल्याकडे कधी पाणी तरी गोठलंय का? मग ही नसती उठाठेव कशाला?"

"आपल्याकडे नाही," एवढंच म्हणाले आणि वाटी परत आत ठेवायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची लेक जनावरांची डॉक्टर झाली आणि तिला नोकरी लागली ती पार वर, डोंगरात. तिथे हिवाळ्यात बादलीतलं पाणी दगड होतं. वस्त्या लांब लांब, या गोठ्यातून त्या गोठ्यात जायला स्वतःची गाडी हवीच, अशी त्यांची अट. सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं. नवी गाडी घ्यायची आमची ऐपत नाही, म्हणून घरची जुनी गाडी तिने मागितली होती. ती गाडी लेकीपेक्षाही थोडी थोरली. गाडी वर पोचली तर नोकरी, वाटेत अडली तर नोकरी दुसऱ्याला, इतकं ते सरळ होतं.

लेकीने ही बातमी दिली त्या दिवसापासून हे 'जा' म्हणाले नव्हते की 'नको' म्हणाले नव्हते. बोलायचे ते फक्त ऑइलबद्दल. जेवतानाही तेच. लेक कंटाळून म्हणायची, "बाबा, ऑइल ते ऑइल!" त्यावर यांचा घास हातातच राहायचा.

मला काय वाटलं सांगू? हा माणूस वेळ काढतोय. एकुलती एक पोर लांब चाललीय, तोंडाने बोलायची हिंमत नाही, म्हणून फ्रीझरच्या आड लपलाय. मी तसं तोंडावर बोललेही. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही, यांची तर नाहीच.

हे रागावले नाहीत. फरशीवरचं ऑइल माझ्याच फडक्याने पुसत म्हणाले, "अगं, खाली उकाडा. मग तापलेल्या दुपारी एवढा मोठा घाट चढायचा, तिथे पातळ ऑइल पाण्यासारखं होईल. आणि वर पोचली की पहाटे बर्फ, तिथे जाड ऑइल थिजून बसेल. ऑइल एकच आणि छळ तीन. कुठलं घालायचं, हे विचारायला नको?"

मी माझं फडकं काढून घेतलं.

आमच्या गल्लीत सगळ्या गॅरेजांचा एकच कायदा: म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑइल. इंजिन झिजलं, आत फटी पडल्या, की जाड ऑइल घाला, फटी भरतात, आवाज बसतो, गिऱ्हाईक खूश. यांच्या मामांनी तेच केलं, यांनीही तेच केलं. आमच्या गाडीत तर वर्षानुवर्षं वीस-पन्नासच. एवढ्या चौकशा करणाऱ्या माणसाने या एका गोष्टीला 'का' म्हणून कधी विचारलं नाही. घरची गाडी, तिला काय विचारायचं!

शुक्रवारी सकाळी यांनी जुनं ऑइल सोडलं, पाच-चाळीस भरलं आणि गाडी घेऊन चढावाच्या रस्त्याला गेले. जाताना शीळ घालत होते. परत आले तेव्हा शीळ नव्हती. गाडी दारात उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडून नुसते उभे राहिले. मी गल्ल्यावरून उठून गेले. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण तो आवाज मलाही ऐकू आला. टक, टक, टक. खोलवरून, कुणीतरी आतून दार वाजवतंय असा.

यांनी किल्ली फिरवली. आवाज थांबला.

"बेअरिंग गेलंय," हे म्हणाले. "आजचं नाही, कधीचंच. जाड ऑइलने आवाज दाबला होता. म्हणजे मीच दाबला होता. आणि मी काय समजत होतो, गाडी ठणठणीत आहे!"

"मग परत जाड घाला," मी पटकन बोलून गेले.

"घालीन. आवाज जाईल. ती खुशीत निघेल आणि घाटाच्या मध्यावर इंजिन जाम होईल. पोरगी एकटी, वळणावर, मागून ट्रक." हे स्टुलावर बसले. हातातलं फडकं उगाच पिळत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "तुला एक सांगू? तो आवाज ऐकला ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो. आता ती जात नाही."

मला संताप यायला हवा होता. एरवी मी यांना उभं सोललं असतं. पण नाही आला राग, कारण फडकं यांच्या हातात असलं तरी माझ्याही मनात तेच होतं. मलाही ती जायला नको होती. मी फक्त तोंडाने शूर. घरात ती नसणार या विचाराने मी आठवडाभर तिच्या खोलीचा केर काढायचं टाळत होते.

"आता तिला सांगणार काय?" मी विचारलं.

"खरं ते सांगणार. पण ती विश्वास ठेवेल का?"

नाहीच ठेवला. लेक आली, ऐकून घेतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. "वा! आधी फ्रीझर, आता बेअरिंग. बाबा, सरळ म्हणा ना, जाऊ नकोस. गाडीला कशाला पुढे करताय?"

यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, गाडी चालू केली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ तिच्या कानाशी धरली. मेकॅनिक लोकांची ही जुनी रीत, आतला आवाज लोखंडातून कानात येतो. लेकीने तोंड वाकडं करत कान लावला. मग तोंड सरळ झालं. मग कपाळाला आठी पडली.

"थांबा," म्हणाली आणि घरात पळाली. आली ती गळ्यात नळी अडकवून! गाईम्हशींची छाती तपासायची नळी, आणि ही लावतेय इंजिनाला. इथे लाव, तिथे लाव, डोळे मिटून ऐक. मी म्हटलं, देवा, एक कमी होता का!

"दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरला जास्त आहे," ती म्हणाली. "पहिल्याला जवळजवळ नाहीच. असं का, बाबा? ऑइल तर सगळीकडे एकच ना?"

यांचा चेहरा बघायला हवा होतात. सगळी चिंता एका बाजूला राहिली आणि बाप-लेक बॉनेटमध्ये डोकी घालून सुरू झाले. का, कसं, आधी काय झिजतं, ऑइल कुठून कुठे जातं. ऑइल ते ऑइल म्हणणारी हीच ती! चहा दोनदा गरम केला, दोनदा निवला. शेवटी मीच प्यायले.

शेवटी लेक म्हणाली, "सोमवारपर्यंत होईल?"

मी यांच्याकडे बघितलं. 'नाही' म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. इंजिन खोलायचं म्हणजे खायचं काम नाही.

"तू हात लावलास तर होईल," हे म्हणाले.

मग दोन दिवस गॅरेजवर 'बंद' अशी पाटी. आमच्या दुकानात ती बेअरिंगं नव्हती, म्हणून बाजारातल्या मोठ्या पार्टवाल्याला सुट्टीच्या दिवशी घरून उठवून दुकान उघडायला लावलं. तो कुरकुरला, मी त्याहून मोठ्याने कुरकुरले, मग त्याने उघडलं. इंजिनाचं खालचं चेंबर उतरवलं, झिजलेली बेअरिंगं बाहेर काढली. वरचा चकचकीत थर उडून आतलं तांबं दिसत होतं. हे त्यातलं एक बोटांवर फिरवत राहिले. लेक म्हणाली, "बाबा, पेशंट ओरडत होता आणि आपण त्याचं तोंड दाबलं होतं." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर यांना लागलं असतं. हिला नुसतं "हो" म्हणाले.

रविवारी दुपारी सगळं परत जागेवर बसलं. नेहमीप्रमाणे यांनी ऑइलचा डबा उचलायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले. मग दोन डबे तिच्यासमोर ठेवले, पाच-तीस आणि पाच-चाळीस.

"तू सांग. गाडी आता तुझी."

तिने दोन्ही डबे वाचले. "पहाटे दोन्ही सारखीच वाहतील, पहिला आकडा पाचच आहे. पण उद्या उन्हात घाट चढायचाय, आणि इंजिन बेअरिंग सोडलं तर जुनंच आहे. चाळीस."

"आणि गळायला लागलं तर? पातळ ऑइल म्हाताऱ्या इंजिनाच्या जुन्या सीलमधून झिरपतं."

"रोज सकाळी इंजिनातली मापाची काडी काढून ऑइलची पातळी बघेन. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवेन, डाग पडतो का ते कळायला."

यांनी मान हलवली. भरलं तिनेच, फनेल धरून, यांनी नुसता दिवा धरला. भर दुपारी दिवा कशाला, ते मी विचारलं नाही. माणसाला धरायला काहीतरी लागतं.

ती गेली. नीट पोचली. गाडीला आवाज नाही, धूर नाही, असं रोज रात्री मला कळवायची आणि मी यांना सांगायचे. मग एका सकाळी यांचा फोन वाजला.

"बाबा, आज पहिला बर्फ पडलाय. काच खरवडून काढली. चालू करायच्या आधी तुम्हाला लावला. ऐका हं."

यांनी फोन कानाला इतका दाबला की कान लाल झाला. मलाही ऐकू आलं. गाडी एकदा कण्हली, दुसऱ्यांदा कण्हली आणि धरली. सुरुवातीला जराशी खडखड, मग एकसारखा आवाज.

"समोरचा ऑइलचा लाल दिवा विझला?" यांनी विचारलं.

"लगेच विझला."

"धूर? खडखड किती वेळ? पुठ्ठ्यावर डाग? काडीवर पातळी?"

तिने एकेकाचं उत्तर दिलं. मग म्हणाली, "बाबा, निघते. पलीकडच्या वस्तीत एक गाय अडलीय, वासरू आडवं आलंय."

"नीघ, नीघ. पहिल्या वळणापर्यंत हळू." आणि यांनी फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. "अहो, धुराची चौकशी केलीत, पुठ्ठ्याची केलीत! पोरीला विचारलंत का, झोप लागते का, खाणंपिणं कसं, करमतं का तिथे एकटीला? जगाला प्रश्न विचारता आणि स्वतःच्या लेकीला एक विचारता येत नाही?"

यांनी फोन शर्टाला पुसून खिशात टाकला.

"विचारलं असतं," हे म्हणाले, "आणि 'नाही करमत' म्हणाली असती, तर मी 'परत ये' म्हटलं असतं."