सुकाणूवर तूर्तास नको

"मग मी पुढच्या वेळेपासून येत नाही," असं म्हणून हरेश उठला आणि दाराशी गेला.

"बसा. बोलू आपण," मी म्हणाले.

"काय बोलणार? तुम्ही शेठला सांगणार. झालं." दार जोरात आपटून तो गेला. बाहेर बसलेली पुढची क्लायंट दचकली.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. बोरिवलीला माझं छोटं क्लिनिक आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी औषध देत नाही. ते काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं. मी तपासते, बोलते, आणि माणसाला त्याच्या भीतीसमोर उभं राहायला शिकवते. हरेश हे त्याचं खरं नाव नाही. तो कोळीवाड्यातला, पस्तिशीचा. खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर प्रवासी नेणारी बोट चालवायचा. खाडी कुठली ते सांगत नाही.

छातीत धडधडतं म्हणून तो आधी फिजिशियनकडे गेला होता. इसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. त्यांनीच त्याला माझ्याकडे पाठवलं. निदान सोपं होतं: पॅनिक अ‍ॅटॅक. कारण नसताना शरीर असं वागतं की जणू आता मरणारच. श्वास अडकतो, हातपाय बधिर होतात, थोड्या वेळाने सगळं ओसरतं. हृदयाला काही होत नाही. घरी सोफ्यावर आला तर माणूस घाबरतो, एवढंच. हरेशला तो बोटीवर आला होता.

दार आपटून गेला त्या शुक्रवारी तो हे पहिल्यांदा बोलला. "परवा भर खाडीत हात लाकडासारखे झाले, मॅडम. चाक हातात आहे की नाही तेच कळेना. समोरून मच्छीमारांची होडी येत होती. आमच्या खलाशाने धावत येऊन चाक फिरवलं. थोडक्यात वाचलो."

"प्रवासी किती होते?"

"भरलेली होती बोट." मग लगेच म्हणाला, "पण कोणाला कळलं नाय. तुम्ही पण बोलू नका."

पहिल्या सेशनला मी प्रत्येकाला एक गोष्ट सांगते. इथे बोललेलं इथेच राहतं. अपवाद एकच: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला बोलावं लागेल. हरेशने तेव्हा मान हलवली होती. सगळेच हलवतात. ती वेळ आपल्यावर येईल असं कोणाला वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही. बोटीच्या मालकाला, म्हणजे त्याच्या शेठना, हे कळायला हवं असं मी म्हटलं, तसा तो उठून गेला होता.

थोडी उसंत होती. इंजिनच्या कामासाठी बोट किनाऱ्यावर ओढलेली होती. रविवारी सकाळी ती पुन्हा पाण्यात जाणार होती आणि रविवारी पिकनिकवाल्यांची झुंबड असते. लहान मुलं, म्हाताऱ्या, कडेवरची बाळं.

मी घाटकोपरच्या माझ्या सीनिअर मॅडमना फोन लावला. आमच्या धंद्यात याला सुपरव्हिजन म्हणतात. कितीही वर्षं झाली तरी अडलं की अनुभवी माणसाला विचारायचं, पण क्लायंटचं नाव-गाव न सांगता.

सगळं ऐकून मॅडमनी विचारलं, "धोका खरा आहे की तुला भीती वाटतेय?"

"खरा आहे."

"मग सांगायचं की नाही हा प्रश्नच नाही गं. कोणी सांगायचं, हा प्रश्न आहे. आधी त्याला संधी दे. नाही म्हणाला तर तू सांग. पण तू सांगणार आहेस हे त्याला आधी कळलं पाहिजे. पाठीमागून काही करायचं नाही."

"आणि किती सांगू?"

"लोक सुखरूप राहतील एवढंच. त्याच्यापुढे एक शब्द नाही."

ऐकायला सोपं होतं, पण हरेश फोन उचलेना. मी पुन्हा केला, पुन्हा केला. शेवटी त्याच्या बायकोने उचलला. मागे मासळी बाजाराचा गलका.

"फोन माझ्याकडे इसरून गेला तो. काय झालं, मॅडम? काय बोलला तो तुम्हाला?"

"काही नाही. त्यांना मला फोन करायला सांगा. आजच."

"मला तरी सांगा ना! बायको हाय मी त्याची. दोन घास जेवत नाय तो."

मला फार वाटलं, सांगून टाकावं. ही बाई त्याला रविवारी घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही, काम फत्ते होईल. पण मग त्याने माझ्यावर परत विश्वास का ठेवावा? आणि दुसऱ्या कुठल्याही सायकॉलॉजिस्टवर तरी का ठेवावा?

"त्यांनाच विचारा, ताई. पण फोन नक्की करायला सांगा."

तिने फोन आपटला. त्या दिवशी माझ्यावर आपटलेली ही दुसरी वस्तू.

संध्याकाळी हरेशचा फोन आला. आवाज तापलेला. "बायकोला काय सांगितलंत?"

"काही नाही. विचारा तिला."

"तिला काय विचारू? तीच मला विचारून विचारून डोकं खातेय." तो जरा निवळला. मी सरळ मुद्द्यावर आले.

"हरेश, उद्या दुपारपर्यंत तुम्ही शेठना स्वतः सांगा. हवं तर त्यांना इकडे घेऊन या, मी बाजूला बसते. नाहीच सांगितलंत तर मी सांगेन. एवढंच सांगेन की तूर्तास तुम्हाला सुकाणूवर बसवू नका. का, कशामुळे, काही नाही."

"वाट लावणार तुम्ही माझी."

"त्या होडीतली माणसं आठवा."

फोन कट.

शनिवारी सकाळी मी दोन क्लायंट बघितले. त्यांच्याकडे पूर्ण लक्ष दिलं असं म्हणवत नाही. दुपार झाली. शेठचा नंबर मी मिळवून ठेवला होता. तो लावायला मी फोन हातात घेतला आणि दारात हरेश उभा. त्याच्यामागे पांढऱ्या शर्टातला, दणकट, साठीचा माणूस. बोटमालक जनाकाका.

बसल्यावर हरेश खाली बघतच बोलला. धडधड, बधिर हात, होडी, सगळं. जनाकाका ऐकत होते, चेहरा दगडासारखा.

"म्हणजे बुधवारी बोट आडवी गेली ती यामुळे?" त्यांनी विचारलं. "मी जेटीवरून बघितली ना!"

"हो, काका."

"अरे गाढवा!" ते खुर्चीत मागे रेलले. "मला वाटलं तू पिऊन चालवतोस! उद्या सकाळी तोंडाचा वास घेणार होतो आणि जेटीवरनंच हाकलणार होतो तुला. नवीन माणूस पण बघून ठेवलाय."

हरेशने पहिल्यांदा मान वर केली. "मी पीत नाय, काका."

"ते आता कळलं. तोंड उघडायला काय झालेलं तुला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरा होतो का हा आजार?"

"होतो," मी म्हणाले. हरेशकडे बघत पुढे सांगितलं, "पण वेळ लागेल. तोवर सुकाणू नको."

"मग जेटीवर माणसं चढव-उतरव कर. तिथे कोण बघणार नाय तुझे हात." जनाकाका उठले. हरेश तिथेच बसून राहिला. डोळे पुसले आणि पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायला. मीही एक प्यायले.

पुढचं काम नेहमीचं. सायकिअ‍ॅट्रिस्टनी काही महिने गोळ्या दिल्या. माझ्याकडे आम्ही पायरीपायरीने गेलो: आधी नांगरलेल्या बोटीवर नुसतं उभं राहायचं, मग रिकामी बोट, सोबत दुसरा चालक. हात बधिर झाले तरी पळायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं. कधी तो एक पाऊल पुढे गेला, कधी दोन मागे आला. मधल्या काळात जनाकाकांचा मला फोन यायचा.

"कसा आहे आमचा माणूस? खरं सांगा."

"त्यालाच विचारा, काका."

"मी मालक आहे!"

"म्हणूनच त्याला विचारा."

"लई अवघड बाई आहात," असं म्हणून ते फोन ठेवायचे. पण मग हरेशला खरंच विचारायचे. त्या दोघांत पूर्वी कामापलीकडे बोलणं नव्हतं. पुढे ते जेटीवर बसून चहा प्यायला लागले, हे मला हरेशनेच सांगितलं.

पावसाळ्यानंतर सायकिअ‍ॅट्रिस्टनी हिरवा कंदील दिला आणि हरेश पुन्हा भरलेली बोट घेऊन खाडी ओलांडून गेला. हे लिहिण्याआधी मी त्याची परवानगी मागितली. "लिहा," म्हणाला, "फक्त मी रडलो ते नका लिहू." मग स्वतःच म्हणाला, "बरं, लिहा."

आता नवीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात. गोपनीयता कधी मोडायची, हे ती हमखास विचारतात. पुस्तकात त्याचं उत्तर आहे, ते वाचा म्हणते. माझी भर एवढीच: मोडायची वेळ आली तर पहिला फोन ज्याचं गुपित आहे त्यालाच करा. आणि तो उचलेपर्यंत करत राहा.